केडगावच्या पंडिता रमाबाई

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना भूक ही ऐकीव गोष्ट नव्हती. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या मुलीचे आईवडील तीर्थे हिंडता हिंडता दुष्काळातच गेले होते. आईने शिकविलेले संस्कृत एवढीच शिदोरी उरली. त्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असे त्यांनी तेथील भगिनींना स्पष्ट कळविले. मला तर हा बाणेदारपणा फार मोठा वाटतो.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. तेथे त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. पण स्वतःच्याच घरात देवाचे नाव चोरून घ्यावे, हेही रमाबाईंना पटणारे नव्हते.

नंतरचे आयुष्य केडगावच्या मुक्ती सदनात गेले. १९७२ च्या दुष्काळाच्या हकिकती ऐकत वाढलेल्या आम्हा मुखेडच्या मुलांना तेथील कामाचे मोल सांगावे लागत नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. माग, तेलघाणा, छापखाना चालविला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकविले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या आणि तेथील माणसे दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्यांची भाकरी रोज वेळेवर निघणे हीच मोठी उपासना होती.

खेड्यातल्या बाईलाही कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्याच बायकांचे होते.