लक्ष्मीबाई टिळक : हळूहळू आलेले धैर्य

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसाहून वेळापुरास मुक्कामी येते व तेथून पंढरपुराची वाट धरते. ह्या वाटेवरील आमच्या बंधुभगिनींस आज आम्ही अशा एका बाईचे चरित्र सांगतो, की जिने त्याच पंढरपुरात आपल्या आयुष्याचे अतिशय दुःखाचे दिवस काढले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरी सोवळ्याचे वेड इतके, की मीठदेखील धुवून घेतल्यावाचून घरात येत नसे. बाहेरच्या मनुष्याचा स्पर्श म्हणजे संकट, हेच त्या बालपणापासून शिकल्या. १८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. त्यांस लिहितावाचता येत नव्हते; टिळकांनीच त्यांस पुढे अक्षरे शिकविली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पदरी लहान मुलगा, पती परधर्मात गेलेला, आणि चोहोकडे लोकनिंदा! लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयास पंढरपुरी राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या. परंतु धर्म सोडून नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही.

वाचकहो, हे भय एका दिवसात गेले नाही. रोजच्या सहवासात त्या ख्रिस्ती शेजाऱ्यांस पाहत होत्या आणि मनाशी विचार करीत होत्या. जाती देवाने केल्या की मनुष्याने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. जन्म व मरण सर्वांस सारखेच, तर हा भेद देवाचा कसा असेल? तो मनुष्याचाच आहे, अशी त्यांची खात्री झाली, व कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

जी बाई स्पर्शास भीत होती, तिनेच पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. अक्षरास अक्षर जुळवून शिकलेल्या ह्या बाईने ते महाकाव्य पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात त्यांनी आपली भीती व आपल्या फजित्या हसतहसत सांगितल्या आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आता आम्ही आपल्याकडे वळतो. सोवळ्याचा काच ज्यांच्या वाडवडिलांनी सोसला, असे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. तरीही प्रभुभोजनाची भाकर एकत्र घेणारे आपण, घरी गेल्यावर एकमेकांची पूर्वीची जात विसरतो काय? एकाच मंडळीतील दोन घरांत पाण्याचा तांब्या जात नसेल, तर आपण कोणास भितो? भावकीस, की देवास?

लक्ष्मीबाईंस जे धैर्य लागले ते रणांगणावरचे नव्हते. एक घोट पाणी पिण्याचे होते. तो घोट घेतल्यावर पुढील कठीण कामे त्यांच्या हातून झाली. म्हणून आमची विनंती ही, की येत्या रविवारी उपासना झाल्यावर, ज्या घरचे पाणी आपण आजवर घेतले नाही, त्या घरी जाऊन बसावे व पाणी मागावे. उपदेशक बंधूंनी प्रथम जावे. मंडळी त्यांच्या मागून येईल.