गोल्डफिशच्या घरात गोगलगाय

काचेच्या भांड्यात मासे पाळण्याची हौस जुनी. पण पाणी रोज बदलावं लागे आणि तरीही मासे मरत. हे का होतं, याचं उत्तर शोधलं ते एका रसायनशास्त्रज्ञाने.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १८०७ साली झाला. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी ते औषधनिर्मात्यांच्या जुन्या संस्थेत, अपोथेकरीज हॉलमध्ये रुजू झाले. बाजारातल्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लूने रंग दिला जातो, हेही त्यांनीच दाखवून दिलं. असा चिकित्सक माणूस माशांकडे वळला, तोही हिशेब मांडूनच.

१८४९ मध्ये त्यांनी सुमारे १२ गॅलनचं, म्हणजे ५४ लिटरचं काचेचं भांडं घेतलं. ते निम्मं पाण्याने भरलं, तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले. दगड असे रचले की माशांना खाली लपता यावं. त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप लावलं. (पाण्याद्वारे होणाऱ्या परागीभवनाचं उदाहरण म्हणून शाळा-कॉलेजात भेटते, तीच ही वनस्पती.) मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती उजेडात ऑक्सिजन देईल, असा साधा हिशेब होता.

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, शेवाळ वाढलं. हिशेबात सफाई कामगारच धरला नव्हता! वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि पाणी पुन्हा नितळ झालं. शिवाय गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. पाणी न बदलता हा संसार महिनोन्‌महिने चालला. १८५० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे त्यांनी स्टिकलबॅक हे छोटे मासेही पाळून त्यांच्या सवयी टिपल्या. या जातीचा नर घरटं बांधतो आणि त्या काळात जवळ येणाऱ्या कुणालाही हुसकावतो. मासा दिसायला लहान असला, म्हणजे तो इतरांबरोबर नांदेलच असं नाही. आज दुकानातून दोन नर फायटर एकाच टाकीत आणणाऱ्याला हे फार लवकर कळतं. गोल्डफिशचंही तसंच. त्याला थंड पाणी मानवतं, तो घाण खूप करतो आणि तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो. गप्पी किंवा टेट्राच्या टाकीत त्याला टाकणं म्हणजे दोघांचेही हाल.

वॉरिंग्टन १८६७ मध्ये वारले. त्यांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली होती: माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया. त्याचा माग लागला तो त्यांच्याच घरात. त्याच नावाचा त्यांचा मुलगा १८७६ पासून रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीतले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे दोन टप्पे उलगडण्यात त्याचं काम महत्त्वाचं ठरलं. टाकीतही हेच जिवाणू वाळूवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात. ती वस्ती जमायला काही आठवडे लागतात, म्हणून जाणकार नव्या टाकीत आधी एक-दोन काटक मासेच सोडतात.