परदेशी निघालेल्या बाबासाहेबांची शिदोरी



आपल्या प्रत्येकाच्या घरात भगवान बुद्धांच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांच्या पदव्या आपल्या लेकरांना तोंडपाठ आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. जयंतीच्या सभेत लहान मूलसुद्धा ही यादी न अडखळता म्हणून दाखवते आणि आपण टाळ्या वाजवतो. परंतु ह्या पदव्या मिळवायला जो तरुण घराबाहेर पडला त्याने पैसा कसा उभा केला, कोणत्या कागदावर सही केली, खोली कोणाबरोबर घेतली, काय खाल्ले आणि पैसे संपल्यावर काय केले, हे आपण लेकरांना सांगत नाही. त्यामुळे मुलांना वाटते, बाबासाहेब थोर होते म्हणून त्यांना जमले, आपल्याला कसे जमणार? आज मी तुम्हाला बाबासाहेबांच्या चरित्रातील हाच भाग सांगणार आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात बी.ए., बी.एस्सी. झालेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत. पुढे काय, हा प्रश्न त्यांच्याइतकाच त्यांच्या आईबापांचाही आहे.

सुरुवात सुभेदार रामजींपासून केली पाहिजे. मुलाच्या शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सामान, तिथेच सगळ्यांची झोप. अभ्यासाला जागा कुठली? रामजींनी त्यावर तोड काढली. भीमाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. जागा तेवढीच राहिली, पण रात्रीची वाटणी झाली आणि मुलाला शांत वेळ मिळाला. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात. मुलगी अंगावरचा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पुस्तक घरात येई. वाचकहो, आपल्या घरात खोली एकच असेल, परंतु तिच्यातले दोन तास मुलीच्या अभ्यासाला राखून ठेवता येतात. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवायला पैसे लागत नाहीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आपल्याला १९५६ साली मिळालेल्या धम्माचे बीज त्या दिवशी त्यांच्या हाती पडले असे म्हणावयास हरकत नाही. पुढे रामजींची ताकद संपली तेव्हा ह्याच केळुसकरांनी भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. योग्य माणसाकडे जाऊन आपली गुणवत्ता दाखवणे आणि मदत मागणे ह्याची लाज भीमरावांनी बाळगली नाही. भीक वेगळी आणि शिष्यवृत्ती वेगळी.

बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोडेच दिवस गेले आणि वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. आता विचार करा. भीमराव २१ वर्षांचे, घरात पत्नी रमाबाई, काही आठवड्यांचा यशवंत, कमावता बाप गेलेला. आपल्या गावात अशा मुलाला लोक काय सांगतील? आता शिक्षण पुरे, मिळेल ती नोकरी धर आणि घर सांभाळ. हा सल्ला वाईट मनाने दिलेला नसतो. परंतु त्याच वेळी सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. शिष्यवृत्ती ३ वर्षांची, महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानात १० वर्षे नोकरी. अट डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ती सही केली. आपली मुलेही आज फॉर्मवर सह्या करतात. बंधपत्र काय आहे, पैसा किती वर्षे येणार, मध्येच बंद होतो काय, हे वाचून सही करावी आणि आईबापांनाही वाचून दाखवावे.

जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. पहिला प्रश्न राहण्याचा. विद्यापीठाच्या हार्टली हॉल ह्या वसतिगृहात ते काही दिवस राहिले, पण तिथले जेवण मानवेना. मग हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी खोली घेतली. ही क्षुल्लक बाब समजू नका. सोबती कसा निवडला यावर परगावच्या मुलाची वर्षे बनतात किंवा बुडतात. नवल भथेना त्यांचा जन्माचा मित्र झाला आणि पुढे अडचणीच्या वेळी तोच धावून आला. कल्याणमित्राचे मोल भगवान बुद्धांनी का सांगितले ते ह्यावरून कळते.

दुसरा प्रश्न विषयाचा. त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. आपला समाज दरिद्री का राहिला, सरकारचा पैसा येतो कुठून आणि जातो कुणाकडे, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. जर्मन कशाला, असे कोणी म्हटले असते. परंतु काही वर्षांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज करताना हीच भाषा उपयोगी पडली. आपल्या मुलांनी निदान इंग्रजी तरी न भिता वाचता-लिहिता यावे एवढी तयारी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून करावी. ती शेवटच्या महिन्यात होत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. शिष्यवृत्तीतूनच खाणे, राहणे, पुस्तके आणि त्यातूनच घरी रमाबाईंना पाठवणे. म्हणून त्यांनी खाण्यात कपात केली, करमणूक टाळली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ घेतले. १९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. ग्रेज इन मध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. तिथली फी १० पौंड १० शिलिंग होती, म्हणजे त्यांच्या जवळजवळ एका महिन्याच्या शिष्यवृत्तीएवढी. अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली परत येणे भाग पडले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. बंधूंनो, आपल्यापैकी कितीजण पैसे संपले की काही न सांगता, कोणाला न भेटता गाठोडे उचलून गावी येतात! मागे दार आपोआप बंद होते. बाबासाहेबांनी निघताना ते उघडे ठेवले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली. दागिने गहाण टाकून पुस्तके घेणाऱ्या घरच्या माणसाला ते दुःख काय वाटले असेल, ते तुम्ही ओळखू शकता.

करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. तिथे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. नोकरी सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या काळी हा पगार मोठा होता. दुसरा असता तर बंगला भाड्याने घेतला असता. बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले. रमाबाई मोजक्या रकमेत घर चालवीत आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडे. स्वतःची ही शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनाकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज, अशा तीन धाग्यांनी त्यांनी दोर वळला आणि १९२० साली, मुदतीच्या आत, लंडन पुन्हा गाठले.

ह्या वेळीही त्यांनी तयारी विसरली नाही. कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. असे पत्र मिळते ते गुरुजनांशी संबंध राखल्यामुळे. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि बंद होईपर्यंत बसत. रात्री भूक लागली की देशातून नेलेले पापड भाजून खात. १९२१ साली एम.एस्सी. झाली. बॅरिस्टरीही पुरी झाली. परंतु रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तोवर पैसा संपला होता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, घरी बसून प्रबंध दुरुस्त केला, पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय मिळत नसे. तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि पदवी १९२७ साली मिळाली. १९१३ ते १९२७ अशी ही चौदा वर्षांची वाट आहे. एका परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला ही सनावळी सांगा. परत आलेला प्रबंध बाबासाहेबांनी फेकून दिला नाही.

आता भगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. ह्या चौदा वर्षांची किंमत माता रमाईंनी दिली. पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. त्या गरिबीची आणि त्या एकटेपणाची गोडगोड गोष्ट करून सांगणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या पाठीशी त्या वेळी समाज नव्हता, संस्था नव्हती, शिष्यवृत्तीचे कायदे नव्हते. आज ते आहे. म्हणून आपल्या घरात एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने, विशेषतः सुनेने किंवा थोरल्या मुलीने, उपाशी राहावे असे होता कामा नये. मुलाची तयारी करताना मुलीचे नाव शाळेतून काढू नका. रमाईंना वंदन करायचे तर ते असे करा.

बाबासाहेबांनी स्वतः सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नये म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राजवटीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले तिथे वसतिगृहात राहून शिकली. आज आपल्या भागासाठी नांदेडला विद्यापीठ आहे. परदेशी जाण्यासाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत.

मात्र कागद तयार पाहिजे. इथे माझीच गोष्ट सांगतो. माझ्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिलाच. बी.ए.नंतर एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला निघालो तेव्हा कळले की शाळेच्या दाखल्यावर माझे आडनाव एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे आहे. कागद दुरुस्त होईपर्यंत तारीख निघून गेली. ती संधी पुन्हा आली नाही. चूक माझी होती. चार वर्षे हाताशी असताना मी दाखले एकदाही शेजारी शेजारी ठेवून वाचले नव्हते. म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना मी दहावीतच सांगतो. नाव, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे एक करून घ्या. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा. अर्ज एकाच ठिकाणी करू नका. शिक्षकांना भेटत राहा.

आणि पैशाचे म्हणाल तर आपण धम्म घेतला त्या दिवसापासून नवस सुटला, कंदुरी सुटली. पंचशील पाळतो त्या घरातली दारू सुटली. तो वाचलेला पैसा कुठे गेला, हे प्रत्येक घराने एकदा मोजावे. हळदीची पट्टी हाती आली किंवा ऊसतोडीची उचल मिळाली की त्यातले थोडे मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर टाकावे. प्रत्येक विहाराने पौर्णिमेला एक डबा ठेवून गावातल्या एका विद्यार्थ्याची परीक्षा फी भरावी. सुभेदारांनी लेकीच्या दागिन्यावर जे केले ते आपण सगळे मिळून सहज करू शकतो.

पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर तुमच्या विहारात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली किती आहेत ते विचारा. त्यांना समोर बसवा, दाखले मागवा आणि सगळ्यांनी मिळून वाचा.

जय भीम! जय बुद्ध!