परिचारिका एडिथ कॅव्हेल

बेल्जियम हा आपल्या दोन मोठ्या जिल्ह्यांएवढा चिमुकला देश. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा त्यातून फ्रान्सकडे निघाल्या आणि त्या देशाची धूळधाण झाली. एडिथ कॅव्हेल त्या वेळी इंग्लंडात, आपल्या वृद्ध विधवा आईकडे सुटीवर आल्या होत्या. युद्धाची वार्ता कानी पडताच त्या ब्रसेल्सला परत निघाल्या. आता आपली गरज तिथेच अधिक, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एडिथबाईंचा जन्म ४ डिसेंबर १८६५ चा, नॉर्फक परगण्यातील स्वार्डस्टन या खेड्यातला. वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. मिळकत बेताची, शिस्त मात्र कडक; तरी घरच्या जेवणातला वाटा गावच्या गरिबांकडे जाई. चार भावंडांत या थोरल्या. काही वर्षे त्यांनी ब्रसेल्समध्ये एका कुटुंबातील मुलांना शिकवले. १८९५ साली वडील आजारी पडले, त्यांची शुश्रूषा करता करता पुढचा मार्ग ठरला, आणि तिशीला आलेली ही बाई लंडन हॉस्पिटलात विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. १९०७ मध्ये डॉ. आंत्वान दपाज यांनी ब्रसेल्समध्ये परिचारिकांची शाळा काढून ती बाईंच्या हाती सोपवली. बऱ्या घरच्या मुलीने पगार घेऊन रुग्णसेवा करणे तेव्हा तिकडेही कमीपणाचे मानीत! तो समज बाईंनी आपल्या कामाने पुसून काढला.

शहर जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी आपल्या मुलींना बजावले की जखमी माणूस कोणत्या देशाचा हे पाहायचे नाही. जर्मन शिपायांचीही तिथे सारख्याच मायेने मलमपट्टी झाली. पुढे नोव्हेंबरात, लढाईत मागे राहिलेले दोन इंग्रज सैनिक आसऱ्याला आले. बाईंनी त्यांना लपवले. मग येणाऱ्यांची रीघ लागली. सुमारे २०० जणांना त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या मदतीने तटस्थ हॉलंडच्या सरहद्दीकडे जाता आले. युद्धाच्या कायद्याने हा गुन्हा होता आणि बाईंना ते पुरते ठाऊक होते.

५ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांना अटक झाली. खटल्यात त्यांनी काहीच नाकारले नाही. थोडे खोटे बोलल्या असत्या तर कदाचित वाचल्याही असत्या. पण धर्मोपदेशकाच्या घरी वाढलेल्या या बाईला ते जमण्यासारखे नव्हते.

सेंट गिल्सच्या तुरुंगातून त्यांनी आपल्या परिचारिकांना निरोपाचे पत्र लिहिले. मी तुमच्याशी कधी फार कडक वागले असेन, तर मला क्षमा करा, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याला क्षमा करणे थोर खरेच. पण हाताखालच्या मुलींपाशी क्षमा मागायला वेगळेच मन लागते. ११ ऑक्टोबरच्या रात्री पाद्री गॅहन त्यांच्या कोठडीत गेले. दोघांनी प्रार्थना केली. केवळ देशप्रेम पुरेसे नाही, कोणाविषयीही मनात द्वेष वा कटुता राहता कामा नये, असे बाईंनी त्यांना शांतपणे सांगितले. अमेरिका व स्पेन यांच्या वकिलातींनी रदबदली केली, ती फुकट गेली. १२ ऑक्टोबरच्या पहाटे बाईंना आणि फिलिप बोक या बेल्जियन गृहस्थाला गोळ्या घालण्यात आल्या. बाईंचे वय तेव्हा ४९ होते.

त्यानंतर जे झाले ते बाईंना खचित रुचले नसते. त्यांचे चित्र सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर झळकले, त्यांच्या नावाने सूड मागितला गेला. १९१९ मध्ये त्यांचा देह मायदेशी आणून नॉरविचच्या कॅथीड्रलपाशी पुरला. १९२० मध्ये लंडनच्या भर चौकात पुतळा उभा राहिला. त्यावर राजाचा आणि देशाचा उल्लेख होता; द्वेषाविषयीचे त्यांचे अखेरचे बोल तेवढे नव्हते. ही उणीव बोचली ती स्त्रियांना. तिथल्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेने विनंती केली, आणि १९२४ साली ते बोल पुतळ्याखाली कोरले गेले.