आधी गिरवले, मग घडवले

जपानी चित्रकथांना, म्हणजेच ‘मांगा’ला, आधुनिक रूप देणाऱ्या ओसामू तेझुका यांची पहिली चित्रशाळा घरातच भरली. ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे त्यांचा जन्म झाला. बालपण ताकाराझुका या गावी गेले. घरात चित्रकथांची पुस्तके मुबलक होती. सुईहो तागावा यांचा ‘नोराकुरो’ हा सैन्यात दाखल झालेला कुत्रा आणि र्‍युइची योकोयामा यांचा ‘फुकु-चान’ हा खट्याळ मुलगा ही त्या काळची लाडकी पात्रे. मुळाक्षरे गिरवावीत तशी छोट्या ओसामूने ती गिरवली. कीटकांची चित्रेही तो तितक्याच बारकाईने काढी. पुढे आपल्या नावाला त्याने ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर कायमचे जोडले.

वडिलांनी घरी चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणले होते. मिकी माऊस आणि चार्ली चॅप्लिन त्याला पडद्यावर भेटले. आतापर्यंत रेषा गिरवणारा हा मुलगा आता हालचाल न्याहाळू लागला.

मात्र, नकलेने हात तयार होतो, आशय नव्हे. तो आशय युद्धाने दिला. १९४५ मध्ये ओसाकावर झालेल्या बॉम्बवर्षावातून किशोरवयीन तेझुका थोडक्यात बचावले. जिवाचे मोल हा विषय त्यानंतर त्यांच्या कथांतून कधीच हद्दपार झाला नाही. त्यांनी वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केले. पण हातातली लेखणी सुटली नाही.

१९४६ मध्ये त्यांची पहिली चित्रमालिका मुलांच्या वृत्तपत्रात झळकली. पाठोपाठ १९४७ मध्ये शिचिमा साकाई यांच्या कल्पनेवर आधारित ‘नवे रत्नद्वीप’ हे पुस्तक आले. भरधाव मोटारीचे सलग चौकटींतील दृश्य पाहून वाचकांना कागदावर चित्रपट पाहिल्याचा भास झाला. पडद्यावर टिपलेली गती आता त्यांच्या स्वतःच्या चौकटींत उतरली होती. तरीही शिकणे थांबले नाही. डिस्नेचा ‘बॅम्बी’ त्यांनी पुनःपुन्हा पाहिला आणि १९५२ मध्ये तो चित्रकथेत उतरवला. त्याच वर्षी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ अवतरला. १९७२ पासून सुमारे दशकभर त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्रही रेखाटले.

आपण जे शिकलो ते त्यांनी हातचे राखून ठेवले नाही. चित्रकथा कशी काढावी, हे त्यांनी १९५० मध्ये चित्रकथेतूनच समजावले. तोयामा प्रांतातील हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको या दोन शाळकरी मित्रांनी ‘नवे रत्नद्वीप’ वाचले आणि तेझुकांनाच गुरू मानून हात घडवला. यांपैकी फुजिमोतो यांचा ‘डोरेमॉन’ पुढे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी टोकियोत तेझुकांचे निधन झाले. मागे राहिली सुमारे दीड लाख पाने. दुसऱ्याची रेषा गिरवण्यात कमीपणा नसतो, तिथेच थांबण्यात असतो, याची साक्ष ही पाने आजही देतात.