पोराची घाई न करणाऱ्या ताराबाई मोडक

फर्दापूर (ता. सोयगाव) : शेजारचं पोरगं शंभरपर्यंत आकडे म्हणतं, आपलं चार वर्षांचं झालं तरी मातीतच खेळतंय, ही काळजी घरोघरी असते. आपण पोराला ज्या अंगणवाडीत सोडतो, तिची मुळं ताराबाई मोडक यांच्या कामात आहेत. आणि त्यांना अशी घाई कधीच नव्हती.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. बाईमाणसानं शिकणंच अवघड, त्या काळात त्या पदवीधर झाल्या. राजकोटला प्राचार्यपदाची चांगली नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालमंदिरात काम करायला गेल्या. तिथली रीत मॉन्टेसरीची. मुलानं आपलं काम आपण निवडायचं, मन भरेपर्यंत तेच करायचं, मोठ्यांनी मधे पडायचं नाही. मार नाही, बक्षीस नाही, दुसऱ्याशी तुलना तर नाहीच.

पण मॉन्टेसरीचं साहित्य महाग. गरिबाच्या पोराला ते कुठून मिळणार? १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई बोर्डी गावात गेल्या. अनुताई वाघ सोबतीला होत्या. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवली. शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य. आधी अंघोळ, मग खेळ. बिया वेचता-ओवता बोटं वळायला लागतात, पेन्सिल त्यानंतर. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली आणि गावोगावी अंगणवाड्या सुरू झाल्या.