हवेवर धावणारे चाक

तुम्ही सायकल चालवता ना? मग हा अनुभव तुम्हांला नक्की आला असेल. एखाद्या दिवशी सायकल नेहमीसारखी पळत नाही. पाय भरून येतात, दम लागतो. शेवटी तुम्ही खाली उतरता, मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहता आणि कारण कळते. चाकात हवा कमी असते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा भरली, की तीच सायकल पुन्हा भरभर पळू लागते. रस्ता तोच, सायकल तीच आणि पायही तुमचेच. मग फरक कशामुळे पडला?

कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुप आणि मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावर थोडा वेळ उभे राहून पाहा. रिक्षा, बस, ट्रक, मोटारसायकली सारख्या धावत असतात. ही सगळी वाहने खरे तर हवेवर धावतात, रबराच्या चाकात कोंडलेल्या हवेवर! असे चाक जगात घरोघरी पोचवण्याची सुरुवात ज्यांच्यामुळे झाली, ते इंजिनिअर नव्हते आणि कारखानदारही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलप.

डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणापासून त्यांची प्रकृती नाजूक होती. शेतातील कष्टाची कामे त्यांना झेपणार नाहीत, असे घरच्यांना वाटे. म्हणून त्यांनी शिक्षणाची वाट धरली. एडिंबरो शहरात त्यांनी पशुवैद्यकाचा अभ्यास केला आणि वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ते जनावरांचे डॉक्टर झाले. पुढे १८६७ च्या सुमारास ते आयर्लंडला गेले आणि काही वर्षांनी बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. तेथे त्यांच्या दवाखान्याचा चांगला जम बसला.

त्या काळातील बेलफास्टच्या रस्त्यांची कल्पना करा. रस्त्यांवर दगडी फरशा बसवलेल्या होत्या. घोडागाड्यांच्या चाकांना लोखंडी पट्ट्या असत. आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकालाही अशीच लोखंडी पट्टी असते. तिला धाव म्हणतात. लोखंड दगडावर आपटले, की खडखडाट होई. सायकलींना रबर असे, पण ते भरीव असे. त्यात हवा नसे. त्यामुळे सायकलवर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत.

डनलप यांच्या मुलाचे नाव जॉनी. तो नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीन चाकांची सायकल होती. दगडी रस्त्यावर ती चालवताना त्याला फार हादरे बसत आणि ताकदही खूप लागे. त्याने वडिलांकडे तक्रार केली. अशी तक्रार कोणतेही मूल करते. बहुतेक वडील समजूत घालतात आणि आपल्या कामाला लागतात. डनलप मात्र विचार करू लागले. मुलाची सायकल हलकी कशी चालेल?

त्यांना एक कल्पना सुचली. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची गादी असली तर? त्यांनी एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची एक नळी तयार केली. ती तबकडीच्या कडेभोवती बसवून वरून कापडाची पट्टी गुंडाळली आणि खिळ्यांनी ठोकून पक्की केली. फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने त्यांनी नळीत हवा भरली. ही गोष्ट १८८७ सालच्या अखेरची.

आता त्यांनी काय केले, ते नीट लक्षात घ्या. आपली कल्पना बरोबर आहे असे मानून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी तिची परीक्षा घेतली. जॉनीच्या सायकलचे भरीव रबराचे चाक त्यांनी अंगणात जोर लावून घरंगळत सोडले. ते काही अंतर गेले, डगमगले आणि आडवे पडले. मग हवेचे चाक तसेच सोडले. ते पहिल्या चाकाच्या पुढे गेले, अंगणाच्या टोकाला असलेल्या फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळून मागे आले. अंगणातल्या अंगणात निकाल लागला. मऊ चाक कडक चाकाहून लांब गेले!

असे का झाले? आपल्याला तर वाटते, की कडक चाक जास्त पळेल. याचे उत्तर रस्त्यात आहे. खडबडीत रस्त्यावर कडक चाकासमोर एखादा खडा आला, की चाकाला त्याच्यावर चढावे लागते. चाकाबरोबर सगळी गाडी वर उचलली जाते आणि लगेच खाली आपटते. पुढे जाण्याची शक्ती अशी वर-खाली होण्यात वाया जाते. हवेचे चाक तसे करत नाही. खडा आला, की ते तेवढ्याच जागी दबते आणि खड्याला पोटात घेते. गाडी फारशी उचलली जात नाही. खडा मागे पडला, की चाक पुन्हा गोल होते.

रस्ता अगदी गुळगुळीत आणि कठीण असेल, तर मात्र कडक चाकच जिंकते. आपली लोकल गाडी पाहा. पोलादी रुळावर पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. म्हणून त्याला घरंगळताना फार कमी विरोध होतो. १००० किलोग्रॅम वजनाची मोटार चांगल्या, सपाट डांबरी रस्त्यावर हळूहळू ढकलत ठेवायला सुमारे १० ते १५ किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जोर लागतो. तेवढेच वजन रुळावर असेल, तर १ ते २ किलोग्रॅम उचलण्याइतका जोर पुरतो. याउलट जुहूच्या वाळूत सायकल घालून पाहा. तेथे वाळूच दबते आणि चाक रुतते. विरोध कित्येक पटींनी वाढतो.

डनलप यांनी मग जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेची रबरे बसवली. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री जॉनी त्या सायकलवर बसून बाहेर पडला. हवा भरलेल्या चाकांवरची ही त्याची पहिली फेरी. त्याची तक्रार दूर झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डनलप यांना आपल्या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नवी वस्तू बनवण्याचा आणि विकण्याचा सरकारने दिलेला हक्क.

तरीही लोकांना त्या जाड, फुगीर चाकांचे हसू येई. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टमध्ये सायकलींच्या शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा खेळाडू हवेच्या चाकांची सायकल घेऊन उतरला. प्रेक्षकांनी त्याची थट्टा केली. पण शर्यत सुरू झाली आणि थट्टा थांबली. ह्यूम एकामागून एक शर्यती जिंकत गेला. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगेही होते. ड्यू क्रॉस यांनी या चाकांची किंमत ओळखली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी निघाली आणि डनलप तिच्यात सामील झाले.

यश हाती येत होते. तोच एक धक्का बसला. असे उघडकीस आले, की हवेचे चाक डनलप यांच्या आधीच एकाने शोधले होते! रॉबर्ट विल्यम थॉमसन हे त्यांचे नाव. तेही स्कॉटलंडचेच. १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी याच कल्पनेचे पेटंट घेतले होते. या चाकांमुळे गाडी ओढायला ताकद कमी लागेल, धक्के बसणार नाहीत आणि आवाजही कमी होईल, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. १८४७ मध्ये लंडनच्या एका बागेत त्यांनी अशी चाके लावलेल्या घोडागाड्या चालवूनही दाखवल्या होत्या. पण तेव्हा रबर फार महाग होते. आजच्यासारख्या सायकलीही निघाल्या नव्हत्या. थॉमसन यांचा शोध लोक विसरून गेले. १८७३ मध्ये ते वारले.

डनलप यांना थॉमसन यांच्याविषयी काहीच माहीत नव्हते. त्यांनी चोरी केली नव्हती. पण कायद्याच्या दृष्टीने पहिला तो पहिलाच. डनलप यांचे पेटंट रद्द झाले. कंपनीने दुसऱ्या संशोधकांची पेटंट विकत घेऊन आपले काम पुढे चालू ठेवले. १८९६ मध्ये ती सुमारे ३० लाख पौंडांना विकली गेली. डनलप यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. १८९० च्या दशकाच्या मध्यालाच ते कंपनीतून बाजूला झाले होते. पुढे टायरवर त्यांचे नाव जगभर गेले. ते स्वतः मात्र डब्लिनमध्ये साधेपणाने राहिले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच हवेची चाके सायकलीवरून मोटारीवर आली. १८९५ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी हवेची चाके लावलेली मोटार पॅरिस ते बोर्डो आणि परत अशा शर्यतीत चालवली. आपल्या उपनगरातही टायरचा उद्योग आला. इटलीत सुरू झालेली सीएट कंपनी १९५८ मध्ये भारतात आली आणि भांडुपला तिचा टायरचा कारखाना उभा राहिला. खेड्यांत ऊस वाहणाऱ्या कित्येक बैलगाड्यांना आता टायरची चाके असतात. त्यामुळे बैलांचे कष्ट कमी होतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हवा कमी झाली, की सायकल जड का होते? टायर रस्त्याला टेकतो, तेथे तो थोडा चपटा होतो. चाक पुढे गेले, की तो भाग पुन्हा गोल होतो. चाक फिरत असताना हे सतत घडत असते. रबर दाबायला जेवढी शक्ती लागते, तेवढी ते परत देत नाही. थोडी स्वतःकडे ठेवते आणि ती उष्णतेच्या रूपात निघून जाते. लांबून आलेल्या रिक्षाचा टायर म्हणूनच कोमट लागतो. हवा कमी असेल, तर टायर जास्त चपटा होतो, जास्त शक्ती गिळतो आणि जास्त तापतो. फार तापलेला टायर फुटूही शकतो.

हा विरोध आणखी काही गोष्टींवर अवलंबून असतो. ओझे वाढले, की विरोध वाढतो. चाक लहान असेल, तर ते खड्ड्यात जास्त अडकते. वेग फार वाढला, की टायर जास्त शक्ती खातो. रबराची जात आणि टायरची आतली बांधणी यांनीही फरक पडतो. मग हवा ठासून भरावी का? नाही. फार हवा भरली, की टायर रस्त्याला फारच थोड्या जागेवर टेकतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला, तर गाडी घसरते. म्हणून वाहनाच्या कंपनीने सांगितली असेल तेवढीच हवा भरावी, आणि ती टायर थंड असताना तपासावी.

ही गोष्ट छोटी वाटते, पण छोटी नाही. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याचा गॅस, बसचे डिझेल, विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी यांतला काही भाग टायरच खातो. हातगाडी ओढणाऱ्याच्या बाबतीत तर तो त्याच्या घामातून जातो. २०२२ मध्ये भारत सरकारने टायरच्या या विरोधाला मर्यादा घालणारे नियम काढले, ते याचसाठी.

मित्रांनो, डनलप यांनी अंगणात केलेला प्रयोग तुम्हीही करू शकता. वाहने नसलेल्या एखाद्या सपाट मैदानात जा. एका रेघेपर्यंत सारख्या वेगाने सायकल चालवा, तेथे पाय थांबवा आणि सायकल कुठपर्यंत जाते तेथे खडूने खूण करा. आधी हवा कमी असताना करा, मग योग्य हवा भरून करा. एकदाच करू नका, चार-पाच वेळा करा. दोन खुणांमधले अंतर पावलांनी मोजा. तेवढी मेहनत रोज कोणाची तरी फुकट जात असते. ती वाचवायला फक्त थोडी हवा लागते. आणि रस्त्याच्या कडेला कोणी काका मऊ पडलेल्या चाकाची हातगाडी ओढताना दिसले, तर त्यांना पंक्चरवाल्याचे दुकान दाखवायला विसरू नका.